तेलाच्या सबमर्सिबल मोटारींसाठी विद्युतरोधक तेलाची निवड : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, लातूर

तेलाच्या, म्हणजे आत तेल भरलेल्या सबमर्सिबल मोटारींत भरण्यासाठी एक ठरलेले, तपासलेले तेल निश्चित करण्याचे काम कार्यशाळेत आजपासून हाती घेतले आहे. औसा, निलंगा आणि रेणापूर तालुक्यांतून आमच्याकडे भरायला, म्हणजे आतल्या तारेचे वेटोळे (वाइंडिंग) नव्याने घालायला येणाऱ्या चार इंची मोटारींमध्ये तेलाच्या मोटारींचे प्रमाण मोठे आहे. वाइंडिंगची तार, बेअरिंग आणि सील यांच्या निवडीबद्दल आमच्या धंद्यात सगळेच जागरूक असतात. तेलाबद्दल मात्र 'ट्रान्सफॉर्मर ऑइल टाकले की झाले' यापलीकडे फारशी चर्चा होत नाही.

निमित्त एका ग्रामपंचायतीच्या बोअरचे घडले. गावाच्या टाकीतील पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला म्हणून मोटार वर काढून आमच्याकडे आणण्यात आली. पाणीपुरवठा पाहणाऱ्या कर्मचाऱ्याने साधाच प्रश्न विचारला, "साहेब, हे तेल पोटात गेले तर काय होईल?" मोटार पूर्वी कुठे भरली होती आणि तेव्हा तिच्यात कोणते तेल टाकले होते याची कसलीच नोंद त्यांच्याकडे नव्हती, त्यामुळे त्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे कोणालाही शक्य नव्हते. गावाला हे उत्तर मिळायलाच हवे.

कामाची मर्यादा अशी ठेवली आहे : १ ते ५ अश्वशक्तीच्या, चार इंची, सिंगल फेज आणि थ्री फेज तेलाच्या मोटारी. पाण्याच्या मोटारी यात घेतलेल्या नाहीत, कारण त्यांची तारच प्लास्टिकच्या आवरणाची असते, बेअरिंग पाण्यावर चालते आणि आत स्वच्छ पाणी भरले की भागते. तेलाच्या मोटारीत साधी इनॅमलची, म्हणजे पातळ विद्युतरोधक लेपाची तार असल्याने त्याच जागेत अधिक तांबे बसते आणि बारीक बोअरसाठी ती सोयीची ठरते. पण त्या इनॅमलला पाण्यापासून जपण्याची सगळी जबाबदारी मग तेलावर आणि सीलवर येते.

१० जानेवारी

ग्रामपंचायतीची मोटार आज पूर्ण उघडली. वरच्या प्लगमधून निघालेले तेल गडद तपकिरी होते आणि त्याला करपट वास येत होता. मोटार उभी ठेवूनच खालचा प्लग सैल केला, तेव्हा आधी तेल न येता गढूळ, पांढुरके पाणी आले, नंतर दुधासारखे मिसळलेले तेल आले आणि त्यामागून खरे तेल आले. खालच्या थ्रस्ट बेअरिंगवर गंजाचे लालसर कडे पडले होते. वाइंडिंगचे खालचे डोके काळवंडले होते, तर वरचे डोके जवळजवळ मूळ रंगावर होते. आमच्याकडील सर्वांत अनुभवी वाइंडर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते म्हणाले, "ही मोटार वरून जळलेली नाही, खालून कुजलेली आहे." निरीक्षण नेमके आहे. खनिज तेलाची घनता पाण्यापेक्षा कमी असल्याने आत शिरलेले पाणी तळाशी बसते, आणि या बनावटीत पंपाचा सगळा भार पेलणारे बेअरिंग नेमके तळाशीच आहे.

तेलाने कोणती कामे करायची हे यावरून मांडून घेतले. वाइंडिंगची उष्णता बाहेरच्या नळीपर्यंत पोचवणे, बेअरिंगला वंगण देणे, विद्युतरोधन करणे, आणि आतली सगळी जागा भरून टाकणे. चौथे काम सहसा कोणी मोजत नाही. मोटार ८० मीटर पाण्याखाली असेल तर बाहेरून सुमारे ८ बार दाब येतो. आत हवा असती तर हा सगळा दाब सीलवर आला असता. आत तेल असल्याने आणि खाली रबरी डायफ्राम (लवचीक पडदा) असल्याने आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखा राहतो, आणि म्हणूनच एवढे छोटे सील तिथे टिकते.

१८ जानेवारी

तीन नमुने शहरातील एका प्रयोगशाळेत बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज) चाचणीसाठी दिले होते, त्यांचे निकाल आज आले. या चाचणीत २.५ मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये तेल ठेवून व्होल्टेज सेकंदाला २ किलोव्होल्ट या वेगाने वाढवत नेतात आणि ठिणगी आरपार जाते तो आकडा टिपतात; असे सहा आकडे घेऊन त्यांची सरासरी काढतात. नव्या, सीलबंद ड्रममधील ट्रान्सफॉर्मर तेल ५२ किलोव्होल्ट भरले, पावसाळाभर अर्धवट उघड्या राहिलेल्या ड्रममधील तेच तेल २४, आणि ग्रामपंचायतीच्या मोटारीतील तेल ११.

हे आकडे पाहून बीडीव्ही सर्वांत जास्त असलेले तेल निवडावे असा निष्कर्ष सहज निघतो. तो मला मान्य नाही आणि त्याचे कारण सविस्तर नोंदवणे आवश्यक वाटते. आपली मोटार ४१५ व्होल्टची आहे. त्या व्होल्टेजचे शिखर ५९० व्होल्टच्या आसपास, म्हणजे एका किलोव्होल्टपेक्षाही कमी असते. ११ किलोव्होल्टला फुटणारे खराब तेलसुद्धा या व्होल्टेजला सहज पुरून उरते. ट्रान्सफॉर्मरच्या ११ किंवा ३३ हजार व्होल्टच्या बाजूला बीडीव्ही हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. आपल्याकडे तो केवळ तेलात पाणी आणि कचरा किती आहे हे सांगणारा निर्देशक आहे. ११ हा आकडा ठिणगी पडेल असे सांगत नाही, पाणी शिरले आहे असे सांगतो. मोटार मरते ती या पाण्याने : ते इनॅमलच्या बारीक छिद्रांत शिरते, तारेभोवतीच्या गरम पॉलिएस्टर फिल्मचे (विद्युतरोधक पट्टीचे) हळूहळू विघटन करते आणि बेअरिंगला गंज आणते.

भारतीय मानक आयएस ३३५ हे नव्या विद्युतरोधक तेलाचे आहे. त्याच्या १९९३ च्या आवृत्तीत न गाळलेल्या नव्या तेलाला किमान ३० आणि गाळल्यानंतर ६० किलोव्होल्ट बीडीव्ही, २७ अंश सेल्सिअसला कमाल २७ सेंटिस्टोक श्यानता (तेलाचा घट्टपणा), किमान १४० अंशांचा फ्लॅश पॉइंट (तेलाची वाफ पेट घेते ते तापमान) आणि ग्रॅममागे कमाल ०.०३ मिलिग्रॅम आम्लता अशा अटी होत्या. २०१८ मध्ये हे मानक आंतरराष्ट्रीय आयईसी ६०२९६ च्या धर्तीवर बदलण्यात आले. ते ट्रान्सफॉर्मरसाठी आहे आणि त्या कामासाठी ते उत्तम आहे; फिरता रोटर, रबरी डायफ्राम आणि भोवतीचे पिण्याचे पाणी या तीन गोष्टींचा विचार त्यात असण्याचे कारण नाही.

२२ जानेवारी

पाण्याचा प्रश्न अधिक खोलात जाऊन पाहिला. खनिज तेलात विरघळू शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण तापमानाबरोबर झपाट्याने वाढते : २५ अंशांना साधारण ६० ते ७० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), तर ६० अंशांना अडीचशेच्या आसपास. आपल्याकडे कृषी फीडरची लाईट पाळीने येते. ती आली की मोटार काही तास चालते, तेल तापते आणि सीलजवळून झिरपलेला ओलावा विरघळवून घेते. लाईट गेली की मोटार बोअरच्या पाण्याच्या तापमानाला येते, आणि जास्तीचे पाणी तेलात राहू न शकल्याने थेंबांच्या रूपाने वेगळे होऊन तळाशी जाते. लिटरभर तेल ६० अंशांवरून २७ अंशांवर आले तर पूर्ण संपृक्त तेलातून तीनेक थेंब पाणी सुटते. सील चांगले असेल तर हेच थेंब पुन्हा विरघळतात आणि पुन्हा सुटतात. सील खराब असेल तर प्रत्येक फेरीत त्यांत भर पडत जाते.

म्हणून पाणी विरघळवून घेणारे तेल चांगले की न घेणारे चांगले, असा प्रश्न मामांनी विचारला आणि त्यावर बराच वेळ बोलणे झाले. एस्टर प्रकारची तेले खनिज तेलाच्या कितीतरी पट पाणी पोटात घेतात आणि तरीही त्यांची बीडीव्ही टिकून राहते, हे खरे आहे. पण ट्रान्सफॉर्मरमध्ये ओलावा हवेतून येतो आणि मर्यादित असतो. आपली मोटार पाण्यातच उभी आहे. पुरवठा अमर्याद असताना पाणी ओढून घेणारे तेल भरणे म्हणजे मोटारीत स्पंज ठेवण्यासारखे होईल. शिवाय वनस्पती तेलापासून बनणाऱ्या एस्टरचे पाणी आणि उष्णता यांमुळे विघटन होऊन स्निग्धाम्ले तयार होतात. आपल्या कामाला पाणी शक्य तितके कमी घेणारे, आणि घेतलेले पाणी दुधासारखे धरून न ठेवता पटकन सोडणारे तेल हवे. सुगंधी (ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारख्या वलयाचे) घटक जितके कमी तितकी तेलाची पाण्याची ओढ कमी, आणि या कसोटीवर खोलवर शुद्ध केलेले पांढरे खनिज तेल, म्हणजे व्हाइट ऑइल, नेहमीच्या ट्रान्सफॉर्मर तेलापेक्षा सरस ठरते.

२८ जानेवारी

आज श्यानतेचा हिशेब केला. दीड अश्वशक्तीच्या एका मोटारीचा रोटर मोजला : व्यास ५० मिलिमीटर, लांबी १५० मिलिमीटर, स्टेटर (स्थिर भाग) आणि रोटर यांमधील फट ०.३५ मिलिमीटर, वेग मिनिटाला २८५० फेरे. एवढ्या अरुंद फटीत तेल घुसळण्यात वाया जाणारी शक्ती श्यानतेच्या थेट प्रमाणात वाढते. तेलाची श्यानता १० सेंटिस्टोक असताना हा तोटा सुमारे ३२ वॅट येतो, आणि ३२ सेंटिस्टोक असताना सुमारे १०० वॅट. मोटारीची उपयुक्त शक्ती ११०० वॅट धरली तर पहिला तोटा तीन टक्के आणि दुसरा नऊ टक्के झाला. तेल तापले की पातळ होते आणि दोन्ही आकडे खाली येतात, हे खरे; पण तापण्यासाठी लागणारी उष्णतासुद्धा शेतकऱ्याच्या बिलातून आणि वाइंडिंगच्या आयुष्यातूनच वसूल होते.

बाजारात काही ठिकाणी ३२ नंबरचे हायड्रॉलिक तेल मोटारीत भरले जाते. घट्ट तेल बेअरिंगला चांगले, हा त्यामागचा समज आहे. वरचा हिशेब ती पद्धत नाकारायला पुरेसा आहे, आणि दुसरे कारणही तितकेच गंभीर आहे : इंजिन तेलात आणि काही हायड्रॉलिक तेलांत झीज रोखणारी व मळ धरून ठेवणारी जी रसायने मिसळलेली असतात त्यांतली बरीचशी पाण्यालाही धरून ठेवतात, आणि इंजिन तेलात तर पाण्याचे हे मिश्रण सुटता सुटत नाही. इंजिनात जो गुण तो इथे अवगुण ठरतो.

उलट बाजूने, फार पातळ तेलही चालणार नाही. सुरुवात हलकी व्हावी म्हणून काही जण तेलात थोडे रॉकेल मिसळतात. त्याने बेअरिंगवरील तेलाचा थर तुटतो, रबर फुगते, आणि पाण्यात उतरलेल्या रॉकेलचा वास महिनोन्महिने जात नाही. ४० अंशांना १० ते १५ सेंटिस्टोक ही आमच्या मोटारींसाठी योग्य पट्टी ठरवली आहे.

५ फेब्रुवारी

उमेदवार तेलांची छाननी आज संपवली.

जुने ट्रान्सफॉर्मर तेल पूर्णपणे बाद केले. डीपीतून, म्हणजे वस्तीवरच्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेले तेल स्वस्तात मिळते, गाळल्यावर स्वच्छ दिसते आणि बीडीव्हीलाही पास होऊ शकते, कारण गाळण्याने पाणी आणि कचरा जातो. आम्लता गाळण्याने जात नाही आणि पीसीबीही जात नाही. पीसीबी हे क्लोरीनयुक्त तेल एकेकाळी विद्युत उपकरणांत वापरले जाई. ते शरीरातील चरबीत साठते आणि निसर्गात लवकर नष्ट होत नाही. स्टॉकहोम करारात ते आहे आणि २०१६ च्या आदेशाने भारतात त्याचे उत्पादन आणि आयात बंद झाली आहे. पण जुन्या उपकरणांतून फिरत आलेल्या तेलात त्याचा अंश असू शकतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जे तेल कुठून आले हे सांगता येत नाही ते बोअरमध्ये उतरणार नाही, ही अट यापुढे आमच्याकडे कायम राहील.

सिलिकॉन तेल विद्युतरोधनाला उत्तम आहे, मात्र पोलादावर पोलाद घासते तिथे त्याचे वंगण कमकुवत असते, त्यामुळे बेअरिंग असलेल्या मोटारीला ते उपयोगाचे नाही. कृत्रिम एस्टर महाग आहे, ४० अंशांना २८ सेंटिस्टोकच्या आसपास म्हणजे घट्ट आहे, आणि पाणी सर्वाधिक घेते. उरले दोन : नवे, सीलबंद, प्रतिऑक्सिडक (तेल आंबू न देणारा घटक) मिसळलेले ट्रान्सफॉर्मर तेल आणि हलक्या, म्हणजे पातळ प्रकारचे व्हाइट ऑइल.

१९ फेब्रुवारी

रबराची चाचणी. मोटारीत वापरले जाणारे डायफ्राम, ओ-रिंग आणि मेकॅनिकल सीलचे रबरी भाग दोन्ही तेलांत बुडवून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये आठवडाभर ठेवले होते. आज ते काढून वजन, माप आणि कडकपणा तपासला.

नायट्राइल रबर दोन्ही तेलांत व्यवस्थित टिकले. ट्रान्सफॉर्मर तेलात ते किंचित फुगले. व्हाइट ऑइलमध्ये जवळजवळ फुगले नाही. एका स्वस्त ओ-रिंगचा कडकपणा उलट थोडा वाढला, कारण तेलाने रबरातील मऊपणा देणारे द्रव्य शोषून घेतले असावे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आकसलेले सीलही गळते. दुसऱ्या, चांगल्या मिश्रणाच्या ओ-रिंगमध्ये असा बदल दिसला नाही, म्हणून तीच घ्यायची असे ठरले. ईपीडीएम रबराची एक रिंग मुद्दाम ठेवली होती. ती इतकी फुगली की आपल्या खाचेत बसेना. बोटांनी दाबली तर जेलीसारखी दबत होती आणि तिच्या पृष्ठभागावर तेल पाझरत होते. पाण्याच्या पंपांसाठी ईपीडीएम चांगले समजले जाते आणि दुकानात दोन्ही रिंगा काळ्याच दिसतात, तेव्हा साहित्य मागवताना रबराचे नाव लिहून घेणे बंधनकारक केले आहे.

डायफ्रामच्या जागेचाही हिशेब केला. खनिज तेल दर अंशाला सुमारे ०.०७५ टक्के प्रसरण पावते. लिटरभर तेल ४५ अंशांनी तापले तर ते ३४ मिलिलिटरने वाढते. मोटार भरताना डायफ्राम आधीच बाहेरच्या बाजूला ताणलेला राहिला तर ही वाढ सामावायला जागा उरत नाही, मग तेल सीलच्या ओठातून बाहेर पडते, आणि थंड झाल्यावर तेवढीच पोकळी पाणी आत ओढते. टाकीवरील तवंगाचे कारण अनेकदा सील खराब असणे हे नसून मोटार चुकीच्या स्थितीत काठोकाठ भरणे हे असते.

४ मार्च

आज निर्णय झाला : सर्व तेलाच्या मोटारींसाठी हलके व्हाइट ऑइल.

सुरुवातीला असा विचार पुढे आला होता की पिण्याच्या पाण्याच्या बोअरसाठी व्हाइट ऑइल आणि शेतीच्या बोअरसाठी नवे ट्रान्सफॉर्मर तेल ठेवावे, म्हणजे खर्च वाचेल. मामांनी त्याला ठाम विरोध केला आणि तो मला पूर्णपणे पटला. आपल्याकडे शेतातला बोअर आणि पिण्याचा बोअर असा भेद कागदावरच असतो. शेतवस्तीवरचे कुटुंब त्याच पाइपला हंडा लावते, ऊसतोडीची टोळी तेच पाणी पिते, जनावरांचा हौद त्यावरच भरतो, आणि टंचाईत शेतकऱ्याचाच बोअर गावासाठी अधिग्रहित होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात कोणताही बोअर पिण्याचाच आहे असे धरून चालले पाहिजे.

आरोग्याच्या दृष्टीने फरक तेलाच्या शुद्धीकरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था कच्च्या किंवा जुजबी शुद्ध केलेल्या खनिज तेलांना कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात ठेवते, तर अतिशुद्ध तेलांना तिसऱ्या गटात, म्हणजे ज्यांचे तसे वर्गीकरण करता येत नाही त्यांत. औषधी दर्जाचे लिक्विड पॅराफिन हे याच अतिशुद्ध वर्गातले आहे. त्याला रंग, वास आणि चव नसते. याचा अर्थ पाण्यात तेल आले तर चालेल असा नाही. गळती ही गळतीच आहे आणि मोटार वर काढलीच पाहिजे. पण मोटार वर येईपर्यंतच्या काळात लोकांच्या पोटात काय जात आहे, याचे उत्तर आता आपल्याकडे असेल.

व्हाइट ऑइलची एक कमकुवत बाजू आहे. शुद्धीकरणात सुगंधी घटकांबरोबर गंधकाची ती संयुगेही निघून जातात जी तेलाला ऑक्सिडेशनपासून नैसर्गिकरीत्या वाचवतात, आणि असे तेल तांब्याच्या संगतीत गरम राहिले तर लवकर आंबते. म्हणून खाद्य दर्जाचा प्रतिऑक्सिडक, उदाहरणार्थ ई जीवनसत्त्वाच्या वर्गातील टोकोफेरॉल, मिसळलेले तेलच घ्यायचे आणि पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेचे प्रमाणपत्र मागायचे. दर लिटरला ते महाग पडते. मात्र एका मोटारीत लिटर-दीड लिटर तेल मावते, आणि तीन-चारशे फुटांवरून मोटार एकदा वर काढण्याच्या मजुरीपुढे हा फरक किरकोळ आहे.

२१ मार्च

चांगले तेल चुकीच्या रीतीने भरले तर त्याचा उपयोग नाही. भरण्याची पद्धत आज निश्चित केली.

वाइंडिंगवरील व्हार्निश पूर्ण भाजले गेले पाहिजे. अर्धे कच्चे व्हार्निश तेलात विरघळते आणि तेल चिकट होते. भाजलेला स्टेटर गार होण्याआधीच जुळणीला घ्यायचा, म्हणजे तो हवेतील ओलावा धरत नाही. तेल ६० अंशांपर्यंत तापवून व्हॅक्यूममध्ये ठेवायचे. त्या कमी दाबाला पाणी ६० अंशांच्या बरेच आधी उकळते, त्यामुळे तेल न जाळता ते निघून जाते. मोटारीतही व्हॅक्यूम करून तेल खालच्या प्लगमधून हळूहळू आत सोडायचे, वरून ओतायचे नाही. स्लॉटमधली आणि वाइंडिंगच्या डोक्यातली हवा बाहेर पडावी म्हणून मोटार थोडी कलती करून शाफ्ट हाताने फिरवायचा. आज हे करताना वरच्या प्लगशी बराच वेळ बुडबुडे येत राहिले. तेल काठाला लागले असे वाटून थांबलो असतो तर ती सगळी हवा आतच राहिली असती, आणि वाइंडिंगचा तेवढा भाग तेलाशिवाय तापत राहिला असता. रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा तेल टाकायचे आणि डायफ्राम मधल्या स्थितीत आहे हे पाहूनच प्लग बंद करायचा.

प्रत्येक खेपेसाठी कार्यशाळेतच करता येणारी साधी तपासणी म्हणजे तव्याची : गरम पत्र्यावर तेलाचे थेंब टाकले आणि तडतडले तर पाणी आहे.

१६ एप्रिल

नव्या तेलाने भरलेली एक तीन अश्वशक्तीची मोटार औशाजवळच्या एका शेतावर चालू आहे. पारा चाळिशीच्या वर गेला आहे, पिकांना पाणी सतत चालू आहे, आणि वस्तीच्या टोकाला व्होल्टेज ३४० पर्यंत खाली येते. व्होल्टेज कमी म्हणजे प्रवाह जास्त आणि उष्णता जास्त, तेव्हा तापमान पाहण्यासाठी हाच काळ योग्य होता.

मोटार जमिनीखाली असताना वाइंडिंगचे तापमान तिच्या रोधावरून काढता येते. सकाळी, मोटार रात्रभर बंद असताना, स्टार्टरजवळ केबलचा रोध वजा करून वाइंडिंगचा रोध ३.०० ओहम आला. बोअरच्या पाण्याचे तापमान २७ अंश. सलग चालल्यानंतर बंद करताच घेतलेला रोध ३.५२ ओहम. तांब्याच्या नेहमीच्या सूत्राने हे तापमान ७२ अंशांच्या आसपास येते, म्हणजे ४५ अंशांची वाढ. इनॅमलच्या मर्यादेच्या हे बरेच आत आहे.

शेजारच्या शेतावरील, त्याच तेलाने भरलेल्या दुसऱ्या मोटारीची वाढ मात्र यापेक्षा खूपच जास्त आली. कारण शोधताना बोअर खोदतानाची माहिती शेतकऱ्याकडून घेतली. तिथे पाण्याचा पाझर दीडशे फुटांवर आहे आणि मोटार त्याच्या बरीच खाली सोडलेली आहे. वरून येणारे पाणी थेट पंपाच्या जाळीत शिरते. पंपाखाली असलेल्या मोटारीच्या अंगावरून ते जातच नाही, आणि मोटार साचलेल्या गरम पाण्यात उभी राहते. बेसाल्टच्या खडकात पाणी भेगांतून येत असल्याने मराठवाड्यात अशी स्थिती नेहमीचीच आहे. पाझर खाली असला तरी साडेसहा इंची बोअरमध्ये चार इंची मोटारीभोवती इतकी मोकळी जागा असते की सेकंदाला एक लिटर पाणी उपसताना मोटारीच्या अंगावरून पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ७ सेंटिमीटर पडतो.

यावर तेल हा उपाय नाही. मोटारीवर, पंपाची जाळी झाकून, १२५ मिलिमीटर आतील व्यासाच्या पाइपचे खालून उघडे कवच बसवले की सगळे पाणी खालून मोटारीला घासूनच वर येते आणि तोच वेग २० सेंटिमीटरपर्यंत जातो. शेतकऱ्याने कवच बसवायला होकार दिला आहे. तेलाची शिफारस करताना प्रत्येक ग्राहकाला पाझराची खोली विचारण्याचा रकाना नोंदवहीत वाढवला आहे, कारण उष्णता दुप्पट करणारी चूक बोअरमध्ये असताना तिचा दोष तेलावर जाईल आणि पुढचा माणूस पुन्हा घट्ट तेलाकडे वळेल.

१४ मे

शेजारच्या शेतावरील दुसरी मोटार कवच बसवून परत सोडली. त्याच पद्धतीने रोध मोजला असता तापमानवाढ पहिल्या मोटारीच्या जवळ आली.

ग्रामपंचायतीची मूळ मोटार नवे वाइंडिंग, नवे बेअरिंग, नायट्राइलचा नवा डायफ्राम आणि व्हाइट ऑइल यांसह बसवली आहे. ५०० व्होल्टच्या मेगरवर (रोधन मोजण्याच्या उपकरणावर) केबलसह रोधन उत्तम आले. टाकी धुऊन घेतली. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला मोटारीच्या अंगावर कोरलेली अक्षरे दाखवली : तेलाचा प्रकार, खेप क्रमांक, भरल्याची तारीख. तीच माहिती पंचायतीच्या दप्तरातही लिहून दिली, कारण कर्मचारी बदलतात आणि मोटार पाच वर्षांनी कोणाच्या हाती उघडली जाईल हे सांगता येत नाही.

२० जून

पाऊस सुरू झाला आहे. एका बोअरचा पाइप फुटल्याने फेब्रुवारीत चाचणीसाठी व्हाइट ऑइलने भरलेली मोटार वर आली, आणि मालकाच्या परवानगीने तिच्या खालच्या प्लगमधून तेलाचा नमुना घेतला. तेल पारदर्शक होते, किंचित पिवळसर झाले होते, तळाशी मोकळे पाणी नव्हते आणि तव्यावर थेंब तडतडला नाही. प्रयोगशाळेत बीडीव्ही ३८ किलोव्होल्ट आली. भरतानाच्या आकड्यापेक्षा ती कमी आहे, म्हणजे थोडा ओलावा सीलमधून येतच असतो. पण आम्लतेत दखल घ्यावी असा बदल नाही. तेल न बदलता कमी झालेले तेवढेच भरून मोटार परत दिली.

आता मुख्य काळजी साठवणीची आहे. पावसाळ्यात ड्रम दिवसा तापतो आणि रात्री गार होताना झाकणाच्या आट्यांतून दमट हवा आत ओढतो. उभ्या ड्रमच्या तोंडावर साचलेले पाणीही त्याच वाटेने आत जाते. ड्रम छपराखाली, आडवे आणि दोन्ही बुचे तेलाच्या पातळीखाली राहतील असे ठेवायला सांगितले आहे. वापरात असलेल्या ड्रमच्या श्वासनळीला सिलिका जेलची बाटली जोडली असून तिचे निळे दाणे गुलाबी झाले की ते भट्टीत तापवून परत निळे करण्याचे काम मामांनी स्वतःकडे घेतले आहे. यापुढील तेल दोनशे लिटरच्या ड्रमऐवजी वीस लिटरच्या सीलबंद डब्यांतून मागवायचे, म्हणजे उघडलेला डबा त्याच आठवड्यात संपेल. तशी मागणी आज पाठवली.